बर्फ पडला की गोष्टीला तोंड फुटतं

आपल्या रेडिओवरच्या या तासाला आपण एरवी कर्जाचे हप्ते, शेळीपालन, रेशन कार्ड असल्या विषयांवर बोलतो. आजचा विषय गावापासून फार लांबचा आहे, पण परका वाटायचा नाही. आजी-आजोबांनी जे जपलं ते नातवंडांपर्यंत पोचवायचं कसं, हा तो विषय. मधली एक पिढी मुकी करून टाकली असेल तर मग पोचवायचं कसं, हा त्यातला खरा अवघड भाग. आज ज्यांच्याबद्दल सांगणार आहोत ते लोक आहेत उत्तर अमेरिकेतले अनिशिनाबे.

कोण हे लोक?

कॅनडा आणि अमेरिका या दोन देशांच्या हद्दीवर गोड्या पाण्याची पाच प्रचंड सरोवरं आहेत. त्यातलं सर्वांत मोठं सुपीरियर. पाव महाराष्ट्र त्यात बुडेल एवढं ते आहे. या सरोवरांच्या काठानं, जंगलांत आणि आता शहरांतही अनिशिनाबे लोक राहतात. ओजिब्वे, ओडावा आणि पोटावाटोमी हे त्यांच्यातले तीन मोठे समाज. ते स्वतःला तीन भाऊ मानतात आणि आपल्या जुन्या एकीला ‘तीन अग्नी’ म्हणतात. त्यांच्या भाषेचं नाव अनिशिनाबेमोविन.

कोलंबस १४९२ साली निघाला होता आपल्याकडे यायला आणि पोचला तिकडे. त्याला वाटलं हाच हिंदुस्थान, म्हणून तिथल्या लोकांना त्यानं ‘इंडियन’ म्हटलं. पुढे सरकारी कागदांतही तेच नाव चिकटलं. म्हणून तिकडच्या आदिवासींचं नाव आपल्या देशावरून पडलं.

या भाषेची एक गंमत आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मराठीत आपण तो दगड, ती वाट, ते झाड असं म्हणतो. अनिशिनाबेमोविनमध्ये असं स्त्री-पुरुष लिंग नाही. तिथं नामांचे दोन भाग आहेत, सजीव आणि निर्जीव. माणूस, जनावर, झाड सजीव हे आपल्यालाही पटेल. पण त्यांच्या बोलण्यात दगडही सजीव आणि ढोलही सजीव. लहान मूल बोलायला शिकतं तेव्हाच त्याच्या कानावर पडतं की ढोलाविषयी बोलताना जिवंत माणसासारखं बोलायचं. वेगळा उपदेश करावा लागत नाही, शिकवण भाषेतच मुरलेली असते. म्हणूनच भाषा गेली की नुसते शब्द जात नाहीत, त्याबरोबर बरंच काही जातं.

सात आजोबांची शिकवण

अनिशिनाबे मुलांना आज शाळेत, मेळाव्यात आणि घरी जी शिकवण सगळ्यांत जास्त सांगितली जाते ती ‘सात आजोबांची शिकवण’. शहाणपण, प्रेम, आदर, धैर्य, प्रामाणिकपणा, नम्रता आणि सत्य अशा या सात गोष्टी. एडवर्ड बेंटन-बनाई नावाचे एक ओजिब्वे शिक्षक होते. त्यांनी १९७९ साली ‘द मिशोमिस बुक’ या पुस्तकात ही शिकवण गोष्टीच्या रूपात मांडली. मिशोमिस म्हणजे आजोबा. ते पुस्तक दोन्ही देशांतल्या अनेक घरांत आणि शाळांत पोचलं.

नुसती यादी पाठ करून घेतली तर मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून प्रत्येक गुणाला एक प्राणी जोडलेला असतो. शहाणपणासाठी बीव्हर. हा नदीवर फांद्यांचा बांध घालणारा प्राणी. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात. लाकूड कुरतडलं तरच ते मापात राहतात, नाही तर तेच दात त्याच्या जिवावर उठतात. आजी मुलांना सांगते, तुला जे देणं मिळालंय ते वापर, नाही तर ते तुझंच ओझं होईल. नम्रतेसाठी लांडगा, कारण तो एकट्यापुरतं न बघता कळपासाठी जगतो. सत्यासाठी कासव, धैर्यासाठी अस्वल, प्रेमासाठी गरुड. गावागावांत यात थोडा फरक पडतो आणि त्यांना तो चालतो.

गोष्ट थंडीतच का?

त्यांच्यात गोष्टींचे दोन प्रकार आहेत. रोजच्या बातम्या, आठवणी, कोणाचं काय झालं, हा एक प्रकार. तो केव्हाही सांगावा. दुसरा प्रकार पवित्र गोष्टींचा, त्याला आदिझूकान म्हणतात. जग कसं झालं, प्राण्यांना त्यांचे स्वभाव कुठून आले, अशा या गोष्टी. जुन्या रिवाजाप्रमाणे त्या फक्त हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या. उन्हाळ्यात मासे धरायचे, फळं गोळा करायची, भात झोडायचा. तेव्हा बसून गोष्टी ऐकायला सवड नसते. शिवाय उन्हाळ्यात ज्यांच्या गोष्टी सांगायच्या ते जीव जागे असतात आणि ऐकत असतात, अशीही त्यांची श्रद्धा. बर्फ पडला की रात्र मोठी होते, सगळे एका छपराखाली येतात, आणि आजीच्या गोष्टीला तोंड फुटतं.

सध्या आपल्याकडे पौष चालू आहे आणि तिकडे बर्फ आहे. तेव्हा रिवाज पाळूनच एक गोष्ट आमच्या शब्दांत सांगतो.

एकदा महापूर आला. सगळीकडे पाणीच पाणी. नानाबोझो आणि काही प्राणी एका ओंडक्यावर तरंगत राहिले. हा नानाबोझो अर्धा देवमाणूस, अर्धा खोडकर. आईमागे आजीनं वाढवलेला. कधी शहाण्यासारखा वागेल, कधी असा फजीत होईल की पोरं पोट धरून हसतील. तो म्हणाला, पाण्याखालून चिमूटभर माती आणली तर नवी जमीन करता येईल. पाणपक्षी बुडी मारून आला, रिकामा. पाणमांजर गेलं, रिकामं आलं. बीव्हर गेला, तोही दमून परत. मग मस्करॅट पुढे झाला. मस्करॅट म्हणजे घुशीसारखा दिसणारा, पाण्यात राहणारा छोटा प्राणी. त्याला बघून मोठे हसले, पण तो गेला. बराच वेळ झाला, मग त्याचा देह वर तरंगत आला. प्राण गेला होता, पण मूठ आवळलेली होती, आणि त्या मुठीत माती होती. कासवानं आपली पाठ पुढे केली, त्या पाठीवर माती ठेवली आणि ती वाढत वाढत जमीन झाली. म्हणून अनिशिनाबे आणि तिथले इतरही काही समाज आपल्या भूमीला ‘कासवाचं बेट’ म्हणतात.

या गोष्टीच्या शेवटी तात्पर्य सांगायचं नाही, असा बऱ्याच वडीलधाऱ्यांचा दंडक आहे. आठ वर्षांच्या मुलाला त्यात मस्करॅटची धाडस दिसेल, अठराव्या वर्षी त्याचं मरण दिसेल, आणि चाळिशीत कदाचित ते हसणारे मोठे प्राणी दिसतील. गोष्ट तीच असते, दर हिवाळ्यात ती पुन्हा ऐकायची आणि आपल्या वयाप्रमाणे घ्यायची.

आणखी एक रीत आहे. वडीलधाऱ्यांकडे गोष्ट किंवा गाणं मागायला जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, चिमूटभर तंबाखू द्यायची. आपल्या गटात हे सांगितल्यावर बायका हसल्या, कारण आपण तर मिश्री सोडा, तंबाखू सोडा म्हणून मागे लागतो. पण तिथं ती तंबाखू खाण्या-ओढण्यासाठी नसते. पूजेतल्या अक्षतांसारखा तिला मान असतो. ती हातात दिली याचा अर्थ असा, की मी मागतोय ते फुकटचं नाही हे मला कळतं.

ढोल आणि घुंगरांचा झगा

त्यांच्या मेळाव्यांना पाउवाव म्हणतात. मधोमध मोठा ढोल असतो. त्याभोवती बसून चार-सहा किंवा जास्त जण एका ठोक्यात वाजवतात आणि गातात. तो ठोका म्हणजे धरतीच्या काळजाचा ठोका, असं मुलांना सांगतात. बहुतेक ठिकाणी ढोलाभोवती पुरुष बसतात आणि मागे उभ्या राहून बायका वरच्या पट्टीत साथ देतात. अलीकडे हातातला लहान ढोल घेऊन गाणारे बायकांचे गटही पुष्कळ झाले आहेत.

आता ऐका, या मोठ्या ढोलाची सर्वांत जास्त सांगितली जाणारी कथा एका बाईची आहे. ती डकोटा समाजातली. डकोटा आणि ओजिब्वे यांचं पिढ्यान्‌पिढ्या वैर होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या सैनिकांनी तिच्या लोकांवर हल्ला केला. ती तळ्यात कमळपानांखाली लपून राहिली. तिथं तिला दृष्टांत झाला, की असा असा ढोल करा, ही गाणी शिका, आणि भांडणं थांबवा. ढोल झाला, आणि डकोटांनी तो ज्यांच्याशी वैर होतं त्या ओजिब्वेंनाच भेट दिला. ओजिब्वेंनी तो पुढच्या गावांना दिला. मुलांना ढोल शिकवताना ही कथा आधी सांगतात. ती ऐकल्याशिवाय ठोका धरला तर ते नुसतं वाजवणं होतं.

दुसरी गोष्ट १९१८ ची. त्या वर्षी जगभर तापाची साथ आली. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणायचे, जुन्या माणसांच्या तोंडी अजून तो शब्द येतो. तीच साथ सरोवरांच्या काठीही पोचली. एका ओजिब्वे माणसाची लेक मरायला टेकली होती. बापाला स्वप्नात एक झगा आणि एक नाच दिसला. झग्यावर धातूच्या छोट्या शंकूंच्या रांगा, पाऊल टाकलं की पावसाच्या सरीसारखा आवाज. त्यानं तो झगा करवला, मुलीला घातला, नाचवलं, आणि ती बरी झाली. ही कथा कॅनडातल्या ओंटारिओमधलं एक गाव आपली म्हणून सांगतं आणि अमेरिकेतल्या मिनेसोटामधलं एक गावही. तपकिरीच्या डब्यांची झाकणं वळवून पूर्वी ते शंकू करायचे. याला इंग्रजीत जिंगल ड्रेस म्हणतात, आणि तो नाच बायका-मुलींचा आहे. ब्रेंडा चाइल्ड या ओजिब्वे इतिहासकार बाईंनी यावर अभ्यास केला आहे. १९२१ साली अमेरिकी सरकारच्या खात्यानं आदिवासी नाचांवर बंधनं घालणारं परिपत्रक काढलं होतं. अशा काळात बायका हा नाच नाचत राहिल्या. शंभर वर्षांनी, २०२० मध्ये करोना आला तेव्हा त्यांच्या पणत्यांनी आपापल्या अंगणात हाच नाच केला आणि मोबाइलवरून एकमेकींना दाखवला.

मधली पिढी मुकी कशी झाली?

आता ती अवघड गोष्ट. कॅनडात एकोणिसाव्या शतकापासून १९९० च्या दशकापर्यंत आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालल्या. सरकारचा पैसा आणि चर्चची व्यवस्था असा बहुतेक शाळांचा कारभार होता. सुमारे १,५०,००० मुलं या शाळांतून गेली. केस कापले, नावं बदलली, स्वतःची भाषा बोललं तर मार. हजारो मुलं तिथं दगावली. अमेरिकेतही अशाच शाळा होत्या. त्यात शिकलेली मुलं मोठी झाली, आईबाप झाली, आणि आपल्या लेकरांशी मातृभाषेत बोलेनाशी झाली. भाषा येत नव्हती असं नाही, आपण मार खाल्ला तसा लेकरांनी खाऊ नये म्हणून. गोष्टींची साखळी तुटली ती इथं. आजही बऱ्याच गावांत ही भाषा सहज बोलणारी माणसं म्हातारी आहेत.

२००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. सत्य आणि समेट आयोगानं हजारो लोकांच्या जबान्या ऐकून २०१५ मध्ये अहवाल दिला. त्यात ९४ मागण्या केल्या, भाषा आणि संस्कृती जपण्याच्या मागण्याही त्यात आहेत. ओंटारिओत सू सेंट मरी इथं शिंगवॉक नावाची अशी शाळा होती. ती १९७० मध्ये बंद झाली. आज तिच्याच इमारतीत विद्यापीठ आहे, आणि तिथं शिकलेल्या मुलामुलींनी, आता वयस्क झालेल्यांनी, शाळेची कागदपत्रं, फोटो आणि आठवणी गोळा करून जपल्या आहेत.

साखळी पुन्हा कशी जोडतात?

पहिली वाट शाळेचीच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लाकुदरे नावाच्या ओजिब्वे वस्तीवर वादूकोदाडिंग नावाची शाळा आहे. नावाचा अर्थ, ‘जिथं माणसं एकमेकांना मदत करतात ती जागा’. आपल्या बचत गटाला शोभेल असंच नाव. तिथं सगळे विषय ओजिब्वे भाषेत शिकवतात. वसंत लागताना मुलं जंगलात मेपल झाडांचा रस काढतात आणि आटवतात. सुमारे ४० लिटर रसाचा एक लिटर पाक होतो, आपल्या काकवीसारखा. उन्हाळा सरताना तळ्यातला जंगली भात काढतात. एकजण होडी ढकलतो, दुसरा काठीनं हलकेच लोंब्या झोडतो. काही दाणे होडीत पडतात, काही पाण्यात. पाण्यात पडलेले पुढच्या वर्षीचं बी. सगळं घरी न्यायचं नसतं, ही शिकवण फळ्यावर लिहायची वेळच येत नाही. कामाबरोबर शब्द येतात, शब्दांबरोबर गाणी येतात.

दुसरी वाट रेडिओची, आपल्यासारखीच. त्याच लाकुदरे वस्तीचं स्वतःचं सामुदायिक रेडिओ केंद्र १९८२ पासून चालू आहे. ढोलाची गाणी, गावच्या बातम्या, भाषेचे शब्द, सगळं त्यावर लागतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना चालत कुठं जावं लागत नाही आणि तरुणांना कामं करता करता ऐकता येतं.

तिसरी वाट नव्या संगीताची. मिनियापोलिस शहरात वाढलेला टॉल पॉल हा ओजिब्वे तरुण रॅप गातो. शहरात वाढल्यामुळे त्याला आपली भाषा येत नव्हती. मोठेपणी ती शिकताना जीभ कशी अडखळते, हेच त्यानं ‘प्रेअर्स इन अ साँग’ या गाण्याचा विषय केलं, आणि त्यात अनिशिनाबेमोविनमधल्या ओळी घातल्या. आपल्याला येत नाही याची लाज वाटून गप्प बसलेली किती तरी पोरं असतात. त्यांना असं गाणं धीर देतं. मॅनिटोबा प्रांताचे आजचे प्रमुख वॉब किन्यू हेही ओजिब्वे. पूर्वी ते रॅप गायचे आणि रेडिओ-टीव्हीवर काम करायचे. त्यांचे वडील निवासी शाळेत होते. २०२३ मध्ये किन्यू प्रांताचे प्रमुख झाले.

चौथी वाट बायकांनी चालून केली, अक्षरशः. अनिशिनाबे समाजात पाण्याची राखण बायकांकडे असते. २००३ साली जोसेफीन मँडामिन या आजी तांब्याच्या बादलीत पाणी घेऊन सुपीरियर सरोवराला पायी फेरी घालायला निघाल्या. पुढच्या वर्षांत त्यांनी पाचही सरोवरं पालथी घातली. वाटेत पाण्याची गाणी म्हणायची, गावोगाव गोष्टी सांगायच्या, पाणी घाण करू नका असं विनवायचं. त्या २०१९ मध्ये गेल्या. त्यांच्या नात्यातली नात ऑटम पेल्टिए हिनं १३ वर्षांची असताना, २०१८ मध्ये, संयुक्त राष्ट्रांत पाण्यासाठी भाषण केलं. तिला हे बळ पुस्तकातून आलेलं नव्हतं, घरातल्या बायकांचं बोलणं आणि गाणं ऐकत ती वाढली होती.

जपून ठेवणं आणि चालू ठेवणं

फ्रान्सिस डेन्समोर या गोऱ्या संशोधक बाईंनी १९०७ पासून मेणाच्या नळ्यांवर ओजिब्वे गाणी ध्वनिमुद्रित केली. ती वॉशिंग्टनच्या सरकारी ग्रंथालयात राहिली. १९७९ मध्ये सुरू झालेल्या एका सरकारी प्रकल्पातून अशा नळ्यांवरच्या गाण्यांच्या प्रती त्या त्या समाजांना परत मिळू लागल्या. पणजोबांचा आवाज पहिल्यांदा ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट. पण ती गाणी कधी म्हणायची, कोणी म्हणायची, कोणती चारचौघांत म्हणायचीच नाहीत, हे नळीवर नसतं. ते माणसालाच विचारावं लागतं, आणि तो माणूस असेपर्यंतच विचारता येतं.

आपल्या गटांतल्या काही मैत्रिणी घरी पावरी, भिली, वारली बोलतात, आणि त्यांची मुलं शाळेपायी मराठीत बोलतात. ज्यांची मायबोली मराठी आहे त्यांच्या सुनांना जात्यावरच्या ओव्या येत नाहीत. तिकडच्यासारखा मार इथं कोणी देत नसेल, पण ‘असं गावठी बोलू नको’ हे आपण आपल्या लेकरांना किती वेळा म्हणतो, ते ज्यानं त्यानं आठवून बघावं.

म्हणून येत्या महिन्यात प्रत्येक गटानं एवढं करून बघावं. गावातल्या सर्वांत वयस्क बाईकडे एका मुलीला पाठवा. रिकाम्या हातानं नको, पानसुपारी किंवा तिळगूळ घेऊन. एकच गोष्ट किंवा एकच ओवी मागायला सांगा. मोबाइलवर भरून घ्यायची तर आधी विचारा, आणि नको म्हणाली तर राहू द्या. ही कधी म्हणायची, कुणाकडून शिकली, हेही विचारा. मग पुढच्या बैठकीत त्या मुलीनं मोबाइल न लावता आपल्या तोंडानं ती सांगायची, आणि आजीनं समोर बसून चुकलं तिथं सुधारायचं. आजीला बैठकीपर्यंत चालवत नसेल तर बैठक तिच्या ओट्यावर घ्या. जमलेल्यातल्या काही गोष्टी, आजीची परवानगी असेल तर, आपण याच तासाला ऐकवू. मुलींची नावं गटाच्या सचिवाकडे द्या.